दोघांपुरती गाडी

९ फेब्रुवारी

गाडी आली! म्हणजे गाडीच म्हणायची. दुसऱ्या एका गाडीने दोरखंड बांधून ओढत आणली. पूर्वी एका बेकरीचे पाव पोचवायची म्हणे. चाकं चार, त्यांतली तीन गोल. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे गंजलेला डबा. मी नुसतं बोट लावून पाहिलं, तर डब्याचा एक तुकडा माझ्या बोटाबरोबरच आला.

हे कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभे राहिले. लग्नात माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं.

"चासी बघ, चासी! खालचा सांगाडा लोखंड आहे लोखंड! वरचं सगळं कापून टाकायचं नि नवीन घर बांधायचं. बिछाना, ओटा, कपाटं. दोघांपुरतं. मग काय — वाटेल तिथे जायचं!"

"वाटेल तिथे म्हणजे कुठे?"

"तीच तर गंमत आहे. ठरवायचंच नाही."

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "पाव कुठायत?"

१० फेब्रुवारी

सगळं फोनवरच्या व्हिडिओंतल्या त्या दाढीवाल्यामुळे झालंय. तो म्हणे वर्षानुवर्षं गाडीत राहतो. सोबत कुत्रा. रोज नवा डोंगर, रोज सूर्योदय, रोज कॉफीचा वाफाळता पेला. त्याची भांडी कधी घासायला पडलेली दिसत नाहीत. कुत्र्याचे केसही गळत नाहीत.

"दाढीवाला म्हणतो, घर ही फक्त एक सवय आहे."

"त्याची सवय झाडतं कोण?" मी विचारलं. पुढचा व्हिडिओ सुरू.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. लिफ्टच्या कंपनीत होते, पण लिफ्टला हात लावायचं काम नव्हतं — तक्रारींना उत्तरं लिहायचं होतं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' ही पाटी जिथे जिथे लटकतेय ती ह्यांची! आयुष्यभर वर-खाली जाणाऱ्या डब्यांबद्दल माफी मागितली, आता पुढे-मागे जाणारा डबा स्वतः बांधणार. बांधू देत. नाहीतरी दिवसभर घरात राहून माझे डबे वर-खाली लावत होते.

२ मार्च

आज डबा कापला. ग्राइंडरचा आवाज — विचारू नये! सकाळपासून ठिणग्या, धूर, नि ह्यांचं "बाजूला हो, बाजूला हो". मी स्वयंपाकघरात होते. आणखी किती बाजूला होऊ?

शेजारचे खिडकीवाले आले. (त्यांना खिडकीत सोडून कुठे पाहिलेलं नाही, म्हणून खिडकीवाले. आज पाय असल्याचं कळलं.) म्हणाले, "माझ्या कानात शिट्ट्या वाजताहेत." ह्यांनी लगेच जुनी सवय काढली. पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात पाटी लिहून कुंपणाला लावली — गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

३ मार्च

पाटी कुणीतरी आमच्याच शयनगृहाच्या खिडकीला, अक्षरं आतल्या बाजूला करून टांगली होती. वाचून बरं वाटलं. एवढ्या वर्षांत प्रथमच कुणीतरी माझी माफी मागत होतं.

१९ मार्च

वेल्डर आला. मला वाटलं, चला, निदान एक तरी कामातला माणूस आला. कसलं काय! तोही व्हिडिओ बघतो. त्याचा गुरू वेगळा — टोपीवाला. दाढीवाला म्हणतो सांगाडा लाकडी हवा, टोपीवाला म्हणतो लोखंडी. दोघे चासीवर पाय सोडून बसले नि दुपारपर्यंत फोन एकमेकांच्या नाकापुढे नाचवत राहिले. चहा चार वेळा.

शेवटी तह झाला. अर्धा सांगाडा लोखंडी, अर्धा लाकडी. दोन्ही गुरू खूश. गाडीचं काय, ती तशीही बोलत नाही.

११ एप्रिल

प्लायवूड आलं. थर्मोकोलचे तक्ते आले. ऊन लागू नये, पाऊस लागू नये, म्हणून सगळं घरात! कुठे? बाहेरच्या खोलीत, सासूबाईंच्या दिवाणामागे नि दिवाणाखाली.

आमचं घर म्हणजे आतली आमची खोली, एक लेकीची, नि ही बाहेरची. लेक नोकरीसाठी लांब गेली तेव्हा तिची खोली सासूबाईंना द्यायची असं ठरलं होतं. त्याआधी "तात्पुरती" म्हणून ह्यांची अवजारं तिथे गेली. अवजारं अजून तात्पुरतीच आहेत. सासूबाई बाहेरच्या खोलीतच. येणारा-जाणारा, दूधवाला, मीटर बघणारा, सगळ्यांची वाट त्यांच्या पायथ्याशी. दुपारी डोळा लागला की कुणीतरी बेल वाजवतंच.

आज त्या दिवाणावर, पाठीला प्लायवूड नि बाजूला थर्मोकोल लावून बसल्या होत्या. जिवंत पार्सल! मला म्हणाल्या, "मलाही भिंतीत बसवताय का? तसं असेल तर चष्मा काढून ठेवते."

मी हसले. ह्यांना हसू आलं नाही. "आई, थोडे दिवस! मग आम्ही नसणारच, घर तुलाच मोकळं."

सासूबाईंनी तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. म्हणजे विषय संपला. ती कवळी मीच केलेली आहे, मी काम करते त्या दातांच्या लॅबमध्ये. त्यांच्याशी भांडण झालं की माझंच काम माझ्याकडे दात विचकून बघत बसतं.

५ मे

हसू की रडू!

गाडीत बिछाना आडवा टाकायचा ठरला होता. रुंदी ह्यांच्या उंचीएवढी, शिवाय चार बोटं जास्त — ह्यांनी स्वतः मापली होती. आज फळी बसवली. हे मोठ्या थाटात आडवे झाले नि गुडघे वर! रुंदी मापली होती बाहेरून. मग आत दोन्ही बाजूंनी थर्मोकोल लागलं, त्यावर प्लायवूड लागलं. चार बोटं गेली, वर आणखी वीतभर गेली.

आमच्या कामात केसाएवढं चुकलं तर माणूस जेवत नाही. पण मी गप्प बसले. खरंच गप्प बसले! तरी म्हणाले, "अशी बघू नकोस."

वेल्डर म्हणाला, "टोपीवाला कुशीवरच झोपतो."

दाढीवाल्याची उंची किती ते हे आता शोधताहेत.

६ मे

दाढीवाला बुटका आहे!!

२४ मे

नोंदणी बदलायला गेलो. हे मला घेऊन गेले, कारण "बाई बरोबर असली की लोक जरा नीट बोलतात". कुणी नीट बोललं नाही.

वाहन कार्यालयातल्या साहेबांनी फोटो बघितला. "ह्यात ओटा आहे?"

"आहे."

"बिछाना आहे?"

"आहे. म्हणजे, आहे."

"मग ही गाडी नाही, खोली आहे. बांधकाम विभागात जा."

बांधकाम विभाग दोन जिने वर. लिफ्ट बंद. दारावर पाटी. ती वाचून हे जरा भावुक झाले. वरच्या बाई म्हणाल्या, "चाकं आहेत ना? मग खाली जा." खाली साहेब जेवायला गेलेले. आल्यावर म्हणाले, "चालते का?"

"चालेल."

"चालेल की चालते?"

ह्यांनी फोटो परत पिशवीत घातला. साहेब म्हणाले, "चालते झाली की आणा. तोपर्यंत ती कुणाचीच नाही."

परत येताना हे खिडकीबाहेर बघत होते. बिचारे वाटले. जन्मभर दुसऱ्यांना जी उत्तरं लिहून पाठवली, ती आज एकदम परत आली. गाडी मी चालवत होते — आमची छोटी, साधी, चालते ती. लॅबला रोज मीच घेऊन जाते. ह्यांचा परवाना आहे, पण शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक!" म्हणणंच जास्त जमतं.

१५ जून

रंग दिला. रंगाच्या डब्यावरच्या नावाप्रमाणे 'सागरी निळा'. दिल्यावर हुबेहूब दवाखान्याचा निळा. व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "बाबा, छान आहे! कोण आजारी आहे?"

मग मला हळूच म्हणाली, "आई, तुला जायचंय का पण?"

मी म्हटलं, "बघू." मग दिवसभर विचार करत राहिले — हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. ह्यांनी "आपण जाणार" असंच सांगितलं होतं. आणि मीही "बरं" म्हटलं होतं. दातांचे साचे धुताना सुचलं, मला जायचंय की! फार जायचंय.

२० जुलै

इंजिन सुरू झालं! यंत्रवाल्याने तीन आठवडे खाऊन अखेर जिवंत केलं. आज पहिली फेरी. हे स्टेअरिंगवर, मी शेजारी.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत घाम. पहिल्या वळणावर मागचे सगळे खण एकदम उघडले — खडाक्! दुसऱ्या वळणावर भांडी. तिसऱ्या वळणावर पाण्याची टाकी अशी हिंदकळली की गाडी थांबल्यावरही पाणी पुढेच निघालं होतं. वेग असा की काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा आमच्या पुढे गेले, वळून आम्हाला बघितलं, नि थांबून म्हणाले, "मदत हवीय का?"

चौकाला वळसा घालून परत आलो. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"उत्तम! किरकोळ कामं राहिलीत."

३ ऑगस्ट

रजा मंजूर! लॅबचे मालक कुरकुरले — "लोकांनी दातांशिवाय राहायचं का?" — पण दिली. घरी येऊन सांगितलं. वाटलं, हे उडी मारतील.

"अगं, एवढ्यात कसं? मसाल्याच्या डब्यांची फळी राहिलीय. पडदे राहिलेत."

पडदे मी संध्याकाळी शिवून दिले.

६ ऑगस्ट

पडद्यांच्या दांड्या राहिल्यात.

१० ऑगस्ट

लॅबमधून लवकर आले. गाडीचं दार उघडं. हे ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले, इंजिन बंद, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी शेजारी चढून बसले. समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले —

"मला नाही जमणार गं."

"काय?"

"ही रस्त्यावर न्यायला. घाटात वगैरे... नाही."

"का पण? तुम्हीच तर बांधलीत!"

"म्हणूनच! लिफ्टचा डबा पडणार नाही असं मी लोकांना बिनधास्त लिहायचो. कारण तो दुसऱ्या कुणीतरी बांधलेला असायचा. हिच्यातला एकेक स्क्रू कुणी बसवलाय ते मला माहीत आहे."

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. दोघे हसत बसलो. मग त्यांचं थांबलं नि ते म्हणाले, "बांधायला मजा आली बघ. जायचं असं माझ्या कधी डोक्यात — म्हणजे होतं, पण लांब होतं."

मी त्यांचा हात धरला. राग आला होता का? हो. पण तो माणूस इतका घाबरलेला होता की राग कुठे ठेवावा कळेना. त्या खणांत तर राहत नाही काही.

१४ ऑगस्ट

आज एक नवलच.

दुपारी सासूबाई म्हणाल्या, "मला दाखव तरी, एवढे महिने काय खटपट केली ती." पायरी उंच, म्हणून स्टूल ठेवलं. मी मागून आधार दिला, त्यांनी "ढकलू नकोस" म्हणत मला ढकललं, नि चढल्या. सगळीकडे हात फिरवला. ओटा, खिडकी, कपाट. बिछान्यावर आडव्या झाल्या — अगदी मापात! जणू त्यांच्यासाठीच फळी कापली होती. पाय सरळ, डोकं उशीवर, वर बोटभर जागा शिल्लक.

मग म्हणाल्या, "तू बाहेर हो नि दार ओढून घे."

ओढलं. आतून खट्ट — कडी.

चहाच्या वेळेपर्यंत उघडली नाही. मला धाकधूक! खिडकीतून डोकावले तर झोपल्या नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा विचारलं, "काय करत होतात हो?"

"काही नाही. कुणी बघत नव्हतं."

१७ ऑगस्ट

रोज दुपारी जातात. आज उशी नेली. पाण्याची बाटली नेली. रेडिओ नेला.

मी न विचारता दार उघडायला गेले तर आतून आवाज — "वाजवून यायचं!"

२१ ऑगस्ट

आता रात्रीही तिथेच. ह्यांनी खूप समजावलं. "आई, लोक काय म्हणतील? घर असताना गाडीत?"

"तू मला तिथे चल म्हणालास का? मी माझी गेले."

मला मात्र आत बोलावलं. दार वाजवून गेले. बिछान्याच्या कडेला बसवलं नि सांगितलं — माहेरी सगळ्या बहिणी एका सतरंजीवर, त्या सर्वांत धाकट्या म्हणून दाराशी. सासरी मधली खोली मिळाली, स्वयंपाकघरात जायची वाट तिच्यातूनच. मग आमच्याकडे ही बाहेरची.

"आयुष्यभर लोक माझ्या उशापायथ्याशी ये-जा करत राहिले. मी कधी काही बोलले?"

"बोललात की, रोज!" मी म्हणाले.

"ते वेगळं. ते दुसऱ्या गोष्टींवरून."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "झोपेत माझं तोंड उघडं राहतं. कवळी काढली की मी भुतासारखी दिसते. ते त्या दूधवाल्याने कशाला बघायचं?"

त्यांची कवळी गेल्या वर्षी मी तीनदा घासून नीट केली. ती काढल्यावर त्या कुठे लपतात, हे कधी मनात आलं नव्हतं.

२९ ऑगस्ट

खिडकीवाल्यांनी काम चोख केलंय. 'म्हातारीला घराबाहेर काढून भंगाराच्या गाडीत ठेवली' — ही बातमी दूधवाल्याकडून मला आजच कळली. त्याने सुटे पैसेही माझ्याकडे न बघता दिले.

१ सप्टेंबर

मोठे दीर आले. मोटार फाटकातच आडवी लावली नि तिथूनच ओरडत उतरले.

"अरे लाज वाटते का? आईला गाडीत टाकलंस?"

हे म्हणाले, "दादा, आधी ऐक तरी —"

"काय ऐकू? सगळीकडे बभ्रा झालाय! मला तीन जणांचे फोन!"

हे मोठे दीर म्हणजे — किती वर्षं झाली, आईला महिनाभर तरी न्या म्हटलं की त्यांच्याकडे कायम रंगकाम चालू असतं. एवढं रंगवलेलं घर जगात दुसरं नसेल.

तरातरा गाडीकडे गेले नि दार ओढलं. कडी! खिडकी चार बोटं सरकली. सासूबाईंचा अर्धा चष्मा दिसला.

"कोण?"

"आई, मी! उघड."

"वाजवून यायचं."

दिरांनी दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा आईचं दार वाजवलं असणार. कारण आईला दारच नव्हतं.

"बोल."

"आत तरी घे!"

"बसायला जागा नाही. दोघांपुरतीच सोय आहे. स्टूल आहे बघ खाली."

स्टुलावर बसले! एवढा मोठा माणूस, इस्त्रीचे कपडे, स्टुलावर गुडघे हनुवटीशी. पलीकडच्या खिडकीत खिडकीवाले, त्यांच्यामागे त्यांचं सगळं कुटुंब.

"आई, हे बरं दिसत नाही. तू आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे मला झोपायला कुठे?"

"हॉलमध्ये! मोठा हॉल आहे. टीव्ही आहे."

"कडी आहे?"

"हॉलला कसली कडी, आई?"

खिडकी बंद झाली.

दीर उठले, पँट झटकली, नि ह्यांना म्हणाले, "निळा रंग कुठला रे हा? छान आहे." आणि गेले.

हे पायरीवर बसले. म्हणाले, "लेकीची खोली आईला द्यायची होती ना आपण?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही म्हणालात तात्पुरतं."

१२ सप्टेंबर

दार वाजवलं. चहा घेऊन गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "ही चालते ना?"

"चालते. हे चालवत नाहीत."

"तुला येते?"

"छोटी येते. ही कधी चालवली नाही."

"मग विचारतेस कुणाला?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं! विचारायची गरजच काय, असं त्यांना म्हणायचं असेल.

हे बाजारात गेले होते. मी पुढे चढले. क्लच म्हणजे — दोन्ही पाय लावावे लागले. पण फाटकातून निघाली! पहिल्याच खड्ड्यात छपरातल्या झरोक्याचं झाकण उडालं. मी घाबरून ओरडले, "आई, झाकण गेलं!"

मागून आवाज, "जाऊ दे! हवा छान येतेय!"

आणि काय सांगू, इतक्या उंचावर बसल्यावर लोकांच्या कुंपणापलीकडचं दिसतं. कपडे वाळत घातलेले, कुणी फोनवर भांडतंय, कुणी झाडाला पाणी. सगळं रस्त्यावरून रोज जाते तेच, पण वरून. शहराबाहेरच्या तलावापर्यंत गेले. कुणी 'ब्रेक, ब्रेक' म्हणालं नाही. सासूबाई मागे कपाटाची दारं दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या नि अधूनमधून पत्र्यावर ठोकत होत्या — कशासाठी, विचारलं तर म्हणाल्या, मजा म्हणून.

तलावाशी थांबवली. आता काय करायचं कळेना. कुणाला भूक लागली नव्हती, घरी जायची घाई नव्हती. दोघी पायरीवर बसलो. सासूबाईंनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली नि खुशाल पाण्याकडे बघत बसल्या. मी इथे असताना! बघितलं की मी, नि मग पाण्याकडे बघायला लागले.

परतलो तर हे फाटकात उभे, हातात छपराचं झाकण. मला वाटलं, आता तोफ. म्हणाले, "स्क्रू आखूड पडला. लांबचा लावतो."

१९ सप्टेंबर

उद्या निघायचं. ह्यांनीच सुचवलं! "तुम्ही दोघी जा. मी घर बघतो. तेवढ्यात लेकीची खोलीही रिकामी करतो."

"तुम्ही एकटे राहाल?"

"राहीन की! त्यात काय!"

आजवर कधी एकटे राहिलेले नाहीत. आईकडून थेट माझ्याकडे. गॅस कुठून बंद करायचा ते दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवलं.

दिवसभर गाडीखाली आडवे पडून एकेक नट पुन्हा आवळत होते. बाहेर आले तेव्हा तोंड काळं, नि डोळे — ग्रीस गेलं म्हणाले. मला सूचना: "डावं वळण घेताना मधलं कपाट उघडतं. कुणीतरी धरायला हवं."

"आई धरतात."

"आणि चढणीवर पाणी अर्धंच भर."

"हो."

"आणि —" मग काही आठवेना. नुसतेच उभे राहिले. लग्नानंतर मी माहेरी जायला निघायचे तेव्हाही असेच उभे राहायचे, हातात माझी पिशवी धरून.

रजा पुढे ढकलून घेतलीय, गाडी मीच कार्यालयात नेऊन दाखवली, नि साहेबांकडचा कागद परवाच आला. गाडी आता गाडी आहे!

२० सप्टेंबर

निघालो!!! खिडकीवाले फाटकापर्यंत आले. म्हाताऱ्या बाईला कुठे नेताय, असं विचारलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "ती नेत नाहीये, मी नेतेय."

२३ सप्टेंबर

डोंगराच्या पायथ्याशी. एका बाईंच्या शेताच्या कडेला थांबायला दिलं. भांडी घासायची असतात, कुत्रा नसला तरी केस गळतात, सूर्योदयाला आम्ही दोघी घोरत असतो. दाढीवाला खोटारडा आहे.

मी जमिनीवर गादी टाकते. सासूबाई म्हणाल्या, उद्यापासून पाळी. एक दिवस बिछान्यावर त्या नि खाली कडीपाशी मी, एक दिवस उलटं.

२८ सप्टेंबर

ह्यांचा फोन. रोज येतो. आज खूप बोलले. खोली रिकामी झाली, भिंती पुसल्या, दिवाण आत हलवला. दार घासत होतं, ते रंधा मारून सारखं केलं. सासूबाईंना फोन दिला. त्या "बरं केलंस रे बाळा" म्हणाल्या नि मला फोन परत दिला.

मग हे म्हणाले, गॅस बंद केलाय. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले.

"तू परत येशील ना गं?"

'तुम्ही दोघी' नाही. तू.

मी "हो" म्हणाले. पण त्याआधी थोडा वेळ गेला. तो त्यांनाही ऐकू आला.